वाऱ्याची गादी

कडकआबाच्या गादीवर झोपलेला माणूस सकाळी उठला की आधी खाली वाकून बघायचा, आपण गादीवरच होतो ना. तरी आसपासच्या सगळ्या गावांचे लोक गादीसाठी त्याच्याकडेच यायचे. दुकानात येऊन कुणी तळव्यानं गादी दाबली की म्हातारा बसल्या जागेवरून ओरडायचा, "दाबतोस काय? लोणी आहे का ते? घेऊन जा, झोप, आणि तुझ्या पोराच्या लग्नात मला येऊन सांग कुठं खड्डा पडला का." गादीला खड्डा पडणं म्हणजे त्याच्या लेखी चोरी. कापूस कमी भरला, काठीनं नीट झोडला नाही, नाहीतर आरपार टाके मारताना दोरा ओढायचा कंटाळा केला, याशिवाय खड्डा पडत नाही आणि हे सगळं हरामखोरीत मोडतं, असं त्याचं शास्त्र होतं.

असा माणूस पडला तोही गाद्यांच्याच दुकानात. लेकाला कापूस निवडता येत नाही म्हणून माळ्यावरचं गाठोडं काढायला स्वतः शिडीवर चढला. शिडी सरकली. हातभर अंतरावर तयार गाद्यांची छातीएवढी थप्पी उभी होती आणि हा फरशीवर. त्या दिवसापासून कमरेखालचं अंग त्याचं राहिलं नाही. हातभर इकडं पडला असता तर, असं लोक पुष्कळ दिवस हळहळत होते. सून एकदाच बोलली. "थप्पीवर पडले असते तरी तेवढंच लागलं असतं," ती चुलीपाशी नवऱ्याला म्हणाली. "कडक आहेत ना." स्वयंपाकघर आणि दुकानामागची खोली यांच्यात पत्र्याची एकच भिंत होती, आणि म्हाताऱ्याचे कान शाबूत होते.

सासू केव्हाच गेलेली. नणंद बाजारच्या गावात दिली होती. ती महिन्यातून एकदा येऊन बापाच्या उशाशी बसायची, डोळे पुसायची आणि जाताना भावजयीला चार गोष्टी सुनावून जायची. म्हणजे करायला उरले नवराबायकोच. दवाखान्यातून घरी आणल्या दिवशीच म्हाताऱ्यानं कायदा सांगून टाकला. "खाट दुकानामागच्या खोलीत, दार उघडं राहील, मला काम दिसलं पाहिजे. खाली माझी गादी, मी भरलेली. आणि सुनेनं माझ्या अंगाला हात लावायचा नाही."

"मला काही हौस आहे का?" सून बाहेरून म्हणाली.

तेव्हा अंग पुसणं, कपडा बदलणं लेकाकडे आलं. लेक वाईट नव्हता, पण बापापुढं त्याचा कणा दोऱ्यासारखा. आयुष्यभर ज्याच्या शिव्या खाल्ल्या त्याला उघडं बघायचं म्हणजे त्याला कापरंच भरायचं. तो तोंड भिंतीकडे करून, चाचपडत, ओला फडका फिरवायचा आणि आग लागल्यासारखा बाहेर पळायचा. कूस बदलायचं त्याला दवाखान्यात सांगितलं होतं. त्यानं बापाला विचारलं. बाप म्हणाला, "मी काय भाकरी आहे का उलटीपालटी करायला?" आणि विषय मिटला.

थंडी तोंडावर आली होती. हा गादीवाल्यांचा हंगाम. लोक जुन्या गाद्या बैलगाडीत, टेम्पोत घालून आणत. उसवायच्या, कापूस पिंजायचा, झोडायचा, नव्या खोळीत भरायचा, दाभणानं टाके घालायचे. लेक पिंजायचा आणि सून शिवायची. दिवसभर काठीचे फटके आणि हवेत उडणारा कापूस. संध्याकाळी दोघांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. आणि खोलीतून म्हातारा ओरडत असायचा: "ओढ! ओढ दोरा! टाका आहे का गुदगुल्या?"

सुनेला कळलं ते चादर धुताना. मधोमध पिवळट डाग, कडेला तांबूस. तिनं चादर नाकाशी नेली आणि लगेच दूर धरली.

"आबांच्या पाठीला काहीतरी झालंय."

"घाम असेल," लेक म्हणाला.

"घामाला असा वास येत नाही. तुम्ही पुसता तेव्हा बघत नाही का?"

तो बघत नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तो कापूस आणायला गेला तेव्हा ती पदर खोचून खोलीत गेली आणि काही न बोलता म्हाताऱ्याच्या खांद्याला आणि कमरेला धरून त्याला कुशीवर लोटलं. म्हातारा गुरासारखा ओरडला. "हात काढ! निर्लज्ज! कुणी आहे का रे बाहेर?" बाहेर एक गिऱ्हाईक बाई गादी घ्यायला आली होती. ती दारापर्यंत आली, आत बघितलं, आणि तोंडाला पदर लावून मागं सरली.

माकडहाडावर वाटीच्या बुडाएवढी जागा कुजली होती. मधे खोल, पिवळी; भोवती जांभळी कातडी. दोन्ही टाचांवर लाल चट्टे. आणि त्याला यातलं काही जाणवत नव्हतं. त्याला फक्त सुनेचे हात जाणवत होते, खांद्यावरचे.

"काय आहे?" त्यानं शेवटी विचारलं.

"खड्डा," ती म्हणाली. "तुमच्या गादीला नाही पडला. तुम्हाला पडलाय."

लेकाला हे कळल्यावर तो आधी रडला आणि मग त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. कापडाची जाड चुंबळ शिवली, डोक्यावर हंडा ठेवायला करतात तशी, पण मोठी आणि ठासून भरलेली. जखम मधल्या भोकात आली की टेकणार नाही, असा हिशोब. म्हाताऱ्यानं ती हातात घेऊन फिरवली, शिवण नखानं तपासली. "बरी जमलीय," तो म्हणाला. लेकाच्या आयुष्यातला हा पहिला बरा शब्द. तो दोन दिवस शीळ घालत कापूस झोडत होता.

मग सरकारी दवाखान्याची नर्सबाई आली. सुनेनंच निरोप धाडला होता. बाई स्कूटरवरून उतरली ती घाईतच, हातमोजे चढवले, म्हाताऱ्याला कुशीवर घेतलं, आणि चुंबळ ओढून काढून दारातून थेट अंगणात फेकली.

"हे कुणाचं डोकं?"

"माझं," लेक म्हणाला. "जखम टेकू नये म्हणून."

"जखम टेकत नाही, पण कडेनं गोल आवळलं जातं ना! मधे रक्तच पोचत नाही. हे बघा, चुंबळीचा शिक्का उठलाय सगळीकडे. जखम वाढली ती यानं. आणि ही खाली गादी आहे की पाट? कुणी भरली?"

अंगणातली चुंबळ कुत्रं हुंगत होतं. म्हातारा छताकडे बघत पडला होता, आणि त्याच्या मानेची शीर उडत होती.

"माणूस झोपेतसुद्धा हलतो," नर्सबाई जखम धुता धुता बोलत होती. "यांना खालचं काही कळत नाही, म्हणून हे हलत नाहीत. हाड आणि गादी यांच्यामधे मांस चेपून मरतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा अधांतरी ठेवायच्या, पोटरीखाली उशी. कातडी कोरडी ठेवायची. दवाखान्यात एक हवेची गादी मोकळी झालीय, ती पाठवते. वापरा आणि परत द्या. पण जखम हाडापर्यंत गेली की मग गादी काही करणार नाही. पू रक्तात उतरतो आणि माणूस जातो. सरळ सांगते. करणार कोण?"

लेकानं बायकोकडे बघितलं. नर्सबाईनंही मग तिच्याकडेच बघितलं.

"ती नको," म्हातारा म्हणाला.

"मग मरा," नर्सबाई म्हणाली आणि हातमोजे उलटे करून काढले.

गादी आली ती घडी घातलेल्या ताडपत्रीसारखी. खाटेवर पसरली, पायथ्याला खोक्याएवढा पंप अडकवला, बटण दाबलं. आडव्या नळ्या एकेक करून फुगल्या. मग बघता बघता एक सोडून एक नळी खाली बसली आणि राहिलेल्या वर राहिल्या. थोड्या वेळानं उलट. अंग कधी या नळ्यांवर, कधी त्या, म्हणजे एकाच जागी भार राहत नाही. वर फक्त एक पातळ चादर, बाकी काही घालायचं नाही, असं नर्सबाईनं बजावलं. जाताना तिनं तपासायची रीतही दाखवली. कमरेखाली तळवा सरकवायचा. तो चेपलेलाच राहिला तर गादी काम करत नाही. थोड्या वेळानं सुटला तर ठीक.

"ही मला गादी तपासायला शिकवणार," म्हातारा ती गेल्यावर म्हणाला. "वाऱ्याची गादी! कापसाचं एक बोंड नाही आत. आणि घरघर ऐका. उद्या लोक विचारतील, कडकआबा, काय भरलंय? काय सांगू? वारा!"

"तोंडातला वारा कमी करा, तिला पुरेल," सून म्हणाली आणि तिनं त्याला डावीकडे वळवलं.

दोघांचं असं चालायचं. ती दाभण खाली ठेवून, कापूस झटकून, हात धुऊन यायची; तो ती दारात दिसली की डोळे मिटून शिव्या सुरू करायचा. वळवताना तो मुद्दाम अंग सैल सोडायचा, ओल्या पोत्यासारखं. हात चांगले धडधाकट असताना खाटेची दांडी धरायचा नाही. एकदा तो तिच्या तोंडावर थुंकला. तिनं पदरानं तोंड पुसलं, त्याच पदरानं त्याची हनुवटी पुसली.

"मी हे मायेनं करते असं समजू नका," ती म्हणाली. "मला तुमची किळस येते. पण तुम्ही सडून मेलात तर गाव म्हणेल, सुनेनं सडवला. वन्सं तर दारात उभं राहून ओरडतील. ते मी ऐकून घेणार नाही. तुम्हाला मरायचंच असेल तर दुसऱ्या कशानं तरी मरा, पाठ भरून आल्यावर."

म्हाताऱ्याला बहुधा ते पटलं. तोही कुणाचं काम मायेनं करत आलेला नव्हता. आपल्या नावावर खोट नको म्हणून करत आला होता.

आणि पाठ भरून येऊ लागली. टाचांचे चट्टे गेले. जखमेचा तळ पिवळ्याचा लाल झाला, ओला, ताज्या मांसाचा. नर्सबाई पाहून म्हणाली, "हं. करतंय कुणीतरी." तिच्याकडून एवढंच मिळायचं. सुनेनं त्या दिवशी कारण नसताना दाराचा उंबरा धुऊन काढला.

मग तिची आई अंगणात घसरून हात मोडून बसली. माहेरी दुसरं कुणी नव्हतं. जाणं भाग होतं.

"बरोबर हंगामात माहेर आठवलं," म्हातारा आतून म्हणाला.

तिनं नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं. कुशी कधी बदलायच्या, उशा कुठं लावायच्या, जखम डोळे उघडे ठेवून धुवायची. "भिंतीकडे बघून धुवाल तर मी आल्यावर काय करेन ते मलाच माहीत नाही." तो हो हो म्हणाला. गाडीत बसेपर्यंत ती मागं वळून पंपाचा आवाज ऐकत होती. गाडी सुटल्यावर तो ऐकू येईना.

आता बापलेकच घरात. लेक दिवसातून कसाबसा चारदा बापाला वळवायचा, पण निदान डोळे उघडे ठेवून. भानगड झाली ती दुसऱ्याच गोष्टीनं. खोलीचं दार उघडं होतं आणि हंगाम होता. येणारं गिऱ्हाईक डोकावायचं, खाटेकडे बघायचं. एक गृहस्थ हसून म्हणाला, "काय आबा, तुमच्याच गादीला खड्डे?" नळ्या बसल्या होत्या त्या वेळी. म्हाताऱ्याचा जबडा आवळला. गृहस्थानं आणलेली जुनी गादी परत नेली की नाही कुणास ठाऊक, पण म्हाताऱ्यानं संध्याकाळी लेकाला हाक मारली.

"हात लाव इथं. काय लागतं?"

"एक वर, एक खाली."

"म्हणजे अर्धी गादी रिकामी. तुझ्या बापानं रिकाम्या गादीवर मरायचं का? सरकारी माल, फुटका असणार. आपल्याला भरता येतं की नाही?"

"पण नर्सबाई म्हणाल्या होत्या…"

"नर्सबाई गादीवाली आहे का?"

लेकाला खरं तर तेच वाटत होतं. जन्मभर त्याला एकच गोष्ट शिकवलेली: खड्डा दिसला की भरायचा. रोज त्या नळ्या खाली बसताना बघून त्याचे हात शिवशिवायचे. आणि चुंबळीच्या वेळचा तो बरा शब्द त्याच्या मनातून गेला नव्हता.

त्यानं मनापासून काम केलं. सगळ्यात चांगला कापूस काढला, दोनदा पिंजला. नळ्यांच्या मधल्या घळींत कापसाच्या वळकट्या बसवल्या. वरून बोटभर जाडीचा थर अंथरला, त्याची वेगळी खोळ शिवली, आरपार टाके मारून ओळीनं गाठी घातल्या, आणि सगळं कडेनं आवळून बांधलं. हवेच्या गादीला एकही सुई लागू दिली नाही. बापाला परत वर ठेवलं. म्हाताऱ्यानं तळवा फिरवला, एका टोकाकडून हात पोचेल तिथपर्यंत. कुठं चढ नाही, उतार नाही.

"जमलं," तो म्हणाला. "आता तुला शिकवायचं काही राहिलं नाही."

लेकाच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली पंप घरघरत होता.

सून परतली त्या दिवशी नणंद आली होती. भाऊ एकटा पडलाय म्हणून ती दोन दिवस आधीच येऊन राहिली होती, म्हणजे भावाला स्वयंपाक करून घालत होती आणि बापाच्या उशाशी बसत होती. बापाला वळवायला तिनं हात लावला नव्हता. लेकीनं बापाचं अंग बघू नये, असं तिचं म्हणणं.

"आलीस का?" ती भावजयीला म्हणाली. "बघ, दादानं काय सुरेख गादी करून दिलीय. तुला एवढ्या दिवसांत सुचलं नाही. बिचारे आबा त्या रबरी नळ्यांवर पडले होते."

सुनेनं पिशवी खाली ठेवली. आधी वास आला. मग तिनं खाटेकडे बघितलं. गादी सपाट होती. पंप चालू होता आणि गादी हलत नव्हती.

"हे काय केलंत?" ती नवऱ्याला म्हणाली.

"खड्डे पडत होते, म्हणून…"

ती पुढं ऐकायला थांबली नाही. म्हाताऱ्याला खांद्याला धरून कुशीवर घेतलं, सदरा वर सारला. नणंद "अगं, अगं, मी आहे ना इथं!" म्हणत तोंड फिरवत होती, तेवढ्यात तिची नजर पडलीच, आणि ती किंचाळली.

लाल आलेला तळ पुन्हा पिवळा झाला होता. कडेला काळी किनार. पण सून बघत होती ती वर, पाठीवर आणि नितंबांवर. तिथं लाल ठिपके उठले होते. सारख्या अंतरावर, ओळीनं. तिनं एका ठिपक्यावर बोट दाबून काढलं. लाली गेली नाही. दुसऱ्यावर दाबलं. तीही गेली नाही, म्हणजे आतलं मांसही चेपलं होतं. नवरा किती अंतरावर गाठी घालतो हे तिला पाठ होतं. तिनं आयुष्यभर त्याच्या शेजारी बसून त्या घातल्या होत्या.

"सडवलं!" नणंद दारात जाऊन ओरडली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. "माझ्या बापाला सडवलं हिनं! माहेरी जाऊन बसली आणि इकडं माणूस कुजला! बघा हो, बघा येऊन!"

जे ऐकायचं नाही म्हणून सून इतके दिवस थुंकी पुसत होती, ते शेवटी ऐकावं लागलंच. तिच्या अंगाची लाही लाही झाली. क्षणभर तिला वाटलं, सोडून द्यावं, या कुशीवरून त्या गाठींवर परत लोटून द्यावं आणि पिशवी उचलावी. तिनं हात सैलही केला. म्हाताऱ्याचं अंग थोडं मागं ढळलं, आणि तिनं ते पुन्हा धरलं, आधीपेक्षा घट्ट.

"वन्सं, ओरडून झालं की आत या," ती म्हणाली. "आणि अहो, तुम्ही रडू नका, ब्लेड आणा. मी ही खोळ फाडणार आहे."

"खबरदार!" म्हातारा म्हणाला. "हात लावशील तर. माझ्या लेकानं केलेली सगळ्यात चांगली गादी आहे ती."

"आहे. मी कुठं नाही म्हणते?"

"मग?"

"मग तपासा. तुम्ही गादीवाले ना? नर्सबाईचं ऐकू नका, माझं ऐकू नका. हात द्या."

तिनं त्याचा उजवा हात मनगटाला धरून ओढला. तो ओढाओढ करू लागला. हातांत जोर होता त्याच्या. पण तिचेही हात दाभणानं घट्टे पडलेले. तिनं त्याचा तळवा उताणा करून त्याच्याच कमरेखाली, हाडाच्या खाली सरकवला, आणि त्याला हळूच त्यावर उताणा पडू दिला.

खोलीत पंपाची घरघर तेवढी होती. नणंद दारात उभी. लेक ब्लेड हातात घेऊन पायथ्याशी.

म्हाताऱ्याच्या तोंडावर आधी राग होता. मग तो कमी होत गेला. त्या हातानं हजारो गाद्या चाचपल्या होत्या. कापसात राहिलेली एक सरकी त्याला खोळीवरून सापडायची. आता त्या हाताच्या एका बाजूला त्याचं स्वतःचं हाड होतं, कधी न जाणवलेलं, दगडासारखं. आणि दुसऱ्या बाजूला, बोटांच्या सांध्यांखाली, लेकानं जीव तोडून आवळलेली गाठ. दोन्ही मिळून हात चेपत होते. त्यानं वाट बघितली. नर्सबाई म्हणाली होती, थोड्या वेळानं सुटतो. सुटला नाही. बोटांना मुंग्या आल्या. मग दुखायला लागलं. म्हातारा दातावर दात धरून पडून राहिला, बहुधा गादीची बाजू घेऊन. कपाळावर घाम आला.

"काढ," तो शेवटी म्हणाला.

"काय, हात?"

"हात काढ."

तिनं त्याला कलता करून हात सोडवला. बोटं पांढरी पडली होती, आणि मागच्या बाजूला, दोन सांध्यांच्या मधे, गाठीचा शिक्का उठला होता. त्यानं हात डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ तो शिक्का बघितला. मग लेकाकडे बघितलं. लेकानं मान खाली घातली.

"गाठ चांगली मारलीस," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "उसव आता."

सुनेनं लेकाच्या हातातून ब्लेड ओढून घेतलं आणि खोळीच्या कडेला लावलं.

"फाडू नको!" म्हातारा लगेच खेकसला. "टाका टाका उसव. कापड नवं आहे."

टाका टाका उसवायला कुणालाच वेळ नव्हता. तिनं फाडलं. कापूस खोलीभर उडाला, नणंदेच्या केसांत बसला, आणि म्हातारा शिव्या देत राहिला. पण वळकट्या ओढून काढायला सोपं जावं म्हणून त्यानं खाटेची दांडी धरून खांदा उचलला. नळ्या मोकळ्या झाल्या. एक सोडून एक खाली बसल्या.

नर्सबाईनं दुसऱ्या दिवशी काळी किनार कापून काढली. कापताना ती सगळ्यांना जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. नणंद तोवर निघून गेली होती, गिऱ्हाइकांसमोर ओरडलेलं मागं न घेता. "हाड अजून लागलेलं नाही," नर्सबाई शेवटी म्हणाली. "पण हे मागं गेलंय. पुन्हा पहिल्यापासून. भरेल की नाही, मी सांगू शकत नाही."

गावात व्हायचं ते झालं. सुनेनं सासऱ्याला सडवलं, हे पाणवठ्यापर्यंत पोचलं. ती भांडली नाही. भांडायला वेळ नव्हता. उसवलेल्या गाद्यांचा ढीग दुकानात वाढला होता.

थंडी पडली तेव्हा एका दुपारी वीज गेली. पंप बंद पडला. सून टाका अर्धवट सोडून, हात झटकत आत आली. म्हाताऱ्यानं डोळे मिटले नव्हते. तो एका हातानं दांडी धरून आधीच कलायच्या तयारीत होता.

"किती वेळ लावतेस?" तो म्हणाला. "वारा निघून चाललाय."

"तुम्हाला काय, तुम्ही पडून आहात." तिनं त्याला उजवीकडे वळवलं, पाठीला उशी लावली, पोटऱ्यांखाली दुसरी. जखम बघितली. तळ लाल होता, सगळा नाही, अर्धा. तिनं काही सांगितलं नाही.

"हात बर्फासारखे आहेत तुझे."

"शेकून येऊ का?"

ती वळून दारापर्यंत गेली. मागं हालचाल झाली म्हणून तिनं बघितलं. म्हातारा खालचा हात कुणी न सांगता स्वतःच्या कुशीखाली सरकवत होता. हात अडकला, त्यानं दम घेतला, आणखी आत घातला. मग डोळे बारीक करून, गिऱ्हाइकाची गादी तपासावी तसा, वाट बघत पडला.

वीज आली. पंप घरघरला. एक नळी हळूहळू खाली गेली.

"सुटला," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"मग गप पडा," ती म्हणाली, आणि राहिलेला टाका ओढायला बाहेर गेली.